गुणाची लेकरं

४ नोव्हेंबर
हजर झाले एकदाची. कराडच्या खाली कृष्णाकाठचं गाव, दोन खोल्यांचं आरोग्य उपकेंद्र, मागं राहायला क्वार्टर आणि नळाला चोवीस तास पाणी. आम्ही आटपाडीची माणसं, मी नळ उगीचच दोनदा सोडून बघितला. पाचवा महिना लागलाय म्हणून आई एकटीला सोडायला तयार नव्हती. यशराज तिकडं तेजपूरहून फोनवर बदली रद्द करून घ्यायला सांगत होते. म्हटलं, तुम्ही पलटणीबरोबर जाता तेव्हा मला विचारून जाता का? खिडकीतून नदी दिसते. मला इथं करमणार बघा.

६ नोव्हेंबर, बुधवार
पहिला लसीचा दिवस. आटपाडीत या दिवशी माझे कान किटायचे. एकाला टोचलं की रांगेतली दहा भोकाड पसरायची. इथं नदीकडच्या आळीतली चौदा लेकरं टोचली, त्यातली दोन जरा कुरकुरली. बाकीची नुसती बघत होती. मासे विकणाऱ्या हरणाबाई आठ महिन्यांच्या नातीला, प्रांजलला, घेऊन आल्या होत्या. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "आवं सिस्टर, आमची लेकरं लय गुणाची. रडत्यात कुटं?" पोटावर हात ठेवून म्हटलं, माझंही असंच होऊ दे.

१५ नोव्हेंबर
हरणाबाई रोज डोहातली मरळ आणून देतात. पोटुशीला मरळीचं डोकं घालायचं, हा इथला रिवाज. आमच्याकडं मासा म्हणजे शाळेच्या तक्त्यावरचा. पहिल्या दिवशी डोळे मिटून खाल्लं, आता ताट चाटूनपुसून साफ करते. मरळ अंगाला फार चांगली, फुकटचं प्रथिन. उपकेंद्राच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की गरोदर मातांनी भरपूर मासे खावेत, आणि खाली सही ठोकली. आळीतल्या नऊ गरोदर बायकांना घरी जाऊनही सांगितलं. त्यातली साळूबाईची सून मासा बघितला की ओकारी येते म्हणाली, तिला चांगलं झापलं.

११ डिसेंबर
बोटांना मुंग्या येतात. आज लसीची बाटली हातातून निसटली. ब्लाउजची हुकं लागेनात. ओठही दाढ काढल्यावर होतात तसे जड झालेत. आई फोनवर म्हणाली, पहिलटकरणीला होतंच. मीही बायकांना हेच सांगत आलेय.

८ जानेवारी
प्रांजल दहा महिन्यांची झाली. मान धरत नाही. मी हात काढला की डोकं मागं पडतं आणि ती तशीच छताकडं बघत राहते. दुपारी जुनं रजिस्टर काढलं. नदीकडच्या आळीतली बारा लेकरं अशीच. मान नाही, बसणं नाही. आधीच्या सिस्टरनं प्रत्येकाच्या नावापुढं एकच शेरा लिहिलाय, शांत आहे. तालुक्याला कळवलं.

१४ जानेवारी
माणसं आली. मासे, डोहातला गाळ, बायकांचे केस असे नमुने घेऊन गेली. माझेही केस कापून नेले. हरणाबाईंनी संध्याकाळी मरळ आणली. अहवाल येईपर्यंत नको म्हणणार होते. खाल्ली.

२९ जानेवारी
हात बरे झाले. सुईत दोरा एका दमात ओवला. यशराजना लगेच फोन केला, ते हसले. हरणाबाई म्हणाल्या मरळीनंच गुण दिला, आणि मी मान डोलावली.

१९ फेब्रुवारी
अहवाल आला. पारा. वरच्या अंगाच्या बंद कारखान्याची घाण डोहाच्या गाळात बसलीय. तिथून लहान माशांत, त्यांना खाणाऱ्या मरळीत, मरळीतून आमच्यात. माझ्या केसांतही निघाला. मी तालुक्याच्या डॉक्टरांना म्हटलं, पण माझे हात तर बरे झालेत. त्यांनी सांगितलं की आईच्या अंगातला पारा नाळेतून बाळाकडं जातो. बाळ तो ओढून घेतं. म्हणून आई सुधारलेली दिसते.
फळा पुसला.

२१ फेब्रुवारी
नऊजणींच्या घरी गेले. खाऊ नका म्हटलं. साळूबाईची सून एवढंच म्हणाली, "तवा तर तुमीच वरडला व्हता." डोहावर धोक्याची पाटी लावलीय. तिच्या खांबाला जाळी वाळत घातलीत.

१० मार्च
पोटातल्या लाथा मोजते. काल सहा. आज चार. भीती वाटायला हवी. वाटत नाही. आई येऊन राहिलीय, माझ्या हातांना तेल लावते. हातांना काही झालेलं नाही म्हटलं तरी लावते.

६ एप्रिल
मुलगी. अडीच किलो. बोटं दहा. दाईनं तळपायावर टिचकी मारली. परत मारली. श्वास घेतला, पण — उशिरानं एकच आवाज आला, अगदी बारीक. आई म्हणाली गुणाची आहे. मी आईवर ओरडले. त्यानंही बाळ दचकलं नाही.

२१ मे, बुधवार
दीड महिन्याची लस. दुसऱ्या कुणाला टोचू दिलं नाही. माझे हात अगदी स्थिर होते. डावी मांडी. उजवी मांडी. खोलीभर बायका, आणि कुणाचाच आवाज नाही. समोर हरणाबाई प्रांजलला घेऊन बसल्या होत्या. गुणाची म्हणाल्या नाहीत. पदर तोंडाला लावला.

तिला घरी आणलंय. शेजारी पडलीय, पंख्याकडं बघते. मघाशी चिमटा काढला. लाल डाग उठला. तिनं —

आई स्वयंपाकघरात आहे. दार लोटलंय.

दुसरा काढला. दंडाला. नखानं. नुसती पापणी —

आता जोरात काढते. रडली की लिहिते.