धवलेरीची झोप

१७ ऑक्टोबर २०२३, मंगळवार

नाही म्हणाले! दुपारी मोखाड्याच्या स्टँडवर गाडी लागली, प्रवासी उतरले आणि मी मोबाईलवर सुप्रीम कोर्टाचा निकाल उघडला. दोन बायकांचं, दोन पुरुषांचं लग्न कायद्यात बसत नाही, संसदेनं काय ते ठरवावं. झालं. वसंतात सुनावणी सुरू झाली तेव्हापासून मी डोळे लावून बसलेली! परतीच्या फेरीत एका बाईला नको त्या गावाचं तिकीट फाडलं. ती वसकन अंगावर आली. बरोबरच होतं तिचं.

जव्हारला खोलीवर आले तर मालू मशीनवर कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होती. सांगितलं तिला. तिनं धागा दातानं तोडला आणि म्हणाली, "मग? आपल्यात आजवर कोर्टानं कुणाचं लग्न लावलंय?"

खरंच की! आम्हा आदिवासींकडं लग्न लावते धवलेरी. ती बाई भिंतीवर लिहिलेल्या देवीच्या चौकासमोर बसून गाणं म्हणते, गाण्यात जोडप्याची नावं घेते – लागलं लग्न. तिनं नावं घेतली नाहीत तर गावजेवण घाला नाहीतर हत्तीवरून मिरवा, ते लग्न नव्हे. आणि आमच्या साखरशेतची धवलेरी कोण? माझी आय. जिजा!

सहा वर्षं मालूसोबत राहतेय आणि हे डोक्यात आलं नाही. कपाळ माझं!

१९ ऑक्टोबर

दिवसभर गाडीत मनातल्या मनात मांडव घातला. उंबराच्या डहाळ्या, भिंतीवर पांढरा चौक, मालू हळदीनं पिवळीधमक. एक आजोबा कधीचे हात पुढं करून उभे होते, मी आपली हसतेय त्यांच्याकडं बघून. "पोरी, सुटे दे ना!" तेव्हा शुद्धीवर आले.

२२ ऑक्टोबर, रविवार

साखरशेत. आय भात कापत होती. बा पेंढ्या बांधत होता. मीही विळा घेतला आणि तिच्या बाजूला बसले, म्हणजे तोंडाकडं बघायला नको.

"आय, माझं न् मालूचं गाणं म्हणशील?"

विळा थांबला. ओरडली नाही. मालू तिला ठाऊक आहे, आमचं काय आहे तेही ठाऊक आहे, फक्त बोललेलं कधी नाही. कापलेली मूठ बाजूला ठेवून म्हणाली, "गाणं माझं नाय, शिले. झोपेत येतं."

ते खरं आहे. तिला कुणी गाणी शिकवली नाहीत. माझ्या धाकट्या भावाच्या, तुषारच्या वेळची बाळंतीण असताना देवी स्वप्नात यायची, ओळ म्हणायची, आय उठायची ती ओळ तोंडात घेऊनच. अजूनही लग्नाआधी ती एकटी झोपते.

"देवी दाखवील तर म्हणंन. नाय दाखवली तर नाय."

"तुला स्वतःला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्यावर लग्नं लागतात काय!"

निघताना पिशवीत काकड्या घातल्या. चार मोठ्या, एक छोटी – "तिच्यासाठी, ती कमी खाते."

५ नोव्हेंबर

आयला फोन केला. "आलं का काय?"

"खेकडा दिसला. बांधावर चढला, वळून बघितलन्, गेला."

"म्हणजे हो?"

"म्हणजे खेकडा."

१३ नोव्हेंबर

दिवाळीला घरी. तुषार बोईसरहून आलाय, कंपनीला सुट्टी. त्याचं ठरलं! मोखाड्याची रविना, बाप सरकारी नोकरीत. मुलगी गोड आहे, फोनवर मला लगेच ताई म्हणाली. लग्न मेमध्ये, मोखाड्याच्या हॉलमध्ये, तुषारच्या महाराजांच्या हातून. दोन वर्षं झाली तो त्या महाराजांच्या कीर्तनांना जातो, गळ्यात माळ घातली, दारू सोडली. ते चांगलंच झालं म्हणा.

पण एक राहिलंय – आय आणि बाचंच लग्न व्हायचंय! आमच्यात त्याचं कुणाला काही नाही. आधी दोघं घर करतात, पोरंबाळं होतात, मग कधीतरी भात बरं पिकलं की लग्न. ह्यांचं राहूनच गेलं. मात्र आईबाप बिनलग्नाचे असले तर पोराचं लावता येत नाही. आधी त्यांचं. आणि धवलेरी स्वतःच्या लग्नाचं गाणं म्हणत नाही, म्हणून मोखाड्याकडची रुपी येणार.

जेवताना मी विषय काढला. काढायला नको होता. तुषार ताटाकडं बघत म्हणाला, "ताई, महाराज सांगतात हे कलियुगाचं लक्षण आहे. लग्न म्हणजे बाई न् पुरुष. वंश वाढायला देवानं नेमून दिलंय ते."

"आणि बिनलग्नाचे आईबाप? त्यांना काय म्हणतात तुझे महाराज?"

गळ्यातली माळ चाचपली त्यानं. मग हळूच, "तेही पापच. म्हणून तर आधी लावून घेऊ."

आय चुलीपाशी होती. हातात उलथणं तसंच घेऊन आली. "पाप? त्या पापानं तुला नऊ महिने पोटात वागवला! त्या पापानं तुला शाळंत घातला!"

बा म्हणाला, "भाकर करपते." तेवढंच बोलला तो अख्ख्या दिवाळीत.

१४ नोव्हेंबर

तुषार माझी बॅग घेऊन रस्त्यापर्यंत आला. जीप दिसली. मग, "मला तुझा राग नाय, ताई. भीती वाटते. मेल्यावर काय होईल तुझं?" डोळ्यात पाणी होतं गाढवाच्या. आता मी भांडू कुणाशी?

१० डिसेंबर

धुकं. घाटात पुढचं काही दिसत नव्हतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत नुसता सरपटत होता. मला बरं वाटलं. काचेबाहेर सगळं पांढरं, मध्येच एक झाड यायचं आणि जायचं. वाटलं, ह्याच धुक्यातून देवी आयच्या झोपेत जात असेल, कदाचित आमच्याच गाडीनं. अर्धं तिकीट द्यावं लागेल, बाई आहे ना!

मालूला सांगितलं तर हसली, मग एकदम रडवेली झाली. "देवी नाही म्हणाली तर? तू राहशील ना इथं?"

मी म्हटलं, वेडी की काय. पण मनात चर्र झालं. कारण मी मानते देवीला. कोर्टाला शिव्या देता येतात, महाराजांना उलट बोलता येतं. पण कणसरी देवीनं धान्य दिलं म्हणून आम्ही जगलो, असं ऐकतच वाढले मी. तीच नको म्हणाली, तर?

२ जानेवारी

"आलं का?"

"कशाला रोज टोकतंस! झोप मोडते माझी."

११ फेब्रुवारी, रविवार

आलं. स्वप्न आलं आणि सगळं संपलं.

आय अंगणात नाचणी पाखडत होती. मी पिशवीही खाली ठेवली नव्हती. "दिसल्या," म्हणाली. "तू न् मालू. नदीतनं वर येत व्हत्या, अंग ओलं, केसात मोहाची फुलं. मागं कणसरी उभी. हसत व्हती."

मी उडालेच! तिला मिठी मारली, सूप उलटं झालं. तिनं मला बाजूला केलं.

"खरं मानू नको. मी आय हाय. आयच्या झोपंत आयच बोलते. ती देवी व्हती का माझीच माया, मला नाय कळत. असल्या झोपंवर मी गाणं नाय म्हणनार. देवाला फसवल्यागत होईल."

मी वाटेल ते बोलले. गावातल्या सगळ्यांच्या पोरींसाठी तुझी झोप खरी, आणि माझ्यासाठी खोटी! तुषारचे महाराज परवडले, तोंडावर पाप तरी म्हणतात! ती खाली बसून सांडलेली नाचणी गोळा करत राहिली. मी मदतही केली नाही.

येताना चालत निघाले. मोह अजून फुलायचा होता. स्वप्नातला मात्र फुललेला. इतकं सुंदर दाखवायचं आणि मग खरं मानू नको म्हणायचं, हा कुठला न्याय?

१२ फेब्रुवारी

मालू म्हणाली, "केसात फुलं होती ना? मग पुष्कळ झालं." मग भांडी घासायला बसली आणि उगाचच घासत राहिली.

३० मार्च

मोखाड्याचा बोहाडा, देवांच्या मुखवट्यांची जत्रा. गाडी तुडुंब. एक पँटशर्टवाले गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, ते बाई-बाईचं, पुरुष-पुरुषाचं – निसर्गाच्या विरुद्ध, आपल्या धर्मात असलं नाही. मी तिकीट देता देता कान टवकारले. मागच्या सीटवरची सकू म्हातारी ओरडली, "आमचा पुंजा बोहाड्यात देवीचा मुखवटा घालतो! वीतभर मिशा हायेत त्याला! तवा समदे त्याच्या पायावर डोकं ठेवता, तू पन ठेवशील. तवा निसर्ग कुठं जातो तुझा?"

सगळी गाडी हसली. गृहस्थ म्हणाले, ते वेगळं आजी, ती श्रद्धा. "मी तरी काय येगळं सांगते?" म्हणाली म्हातारी. तिला उतरताना मी हात दिला. तिला वाटलं असेल, काय ही कंडक्टरीण, एवढा घट्ट हात धरते.

संध्याकाळी ढोलावर देवी नाचली. मशालींच्या उजेडात पुंजा मला दिसलाच नाही. नुसती देवीच. मला तिच्याकडं काही मागायचं सुचलं नाही. नुसती बघत राहिले.

२१ एप्रिल

नाही जाणार मी त्या लग्नाला! आयबाचं असो की तुषारचं. दुसऱ्यांची गाणी ऐकायला मी काय दगडाची आहे?

२४ एप्रिल

मालू म्हणते, "आईबापाचं लग्न कुणाला बघायला मिळतं, शिले? चल की." आयसाठी चोळी शिवलीन् तिनं, हिरवी. माप न घेता.

२६ एप्रिल

आयचा फोन. फेब्रुवारीपासून आम्ही धड बोललो नाही. म्हणाली, "दोघी या. मांडवात माझ्या मागं उभ्या राहा. हळदीचं ताट मालूकडं." तुषारला मालू नको होती म्हणे, पाहुणे काय म्हणतील. तर आय त्याला म्हणाली, मग मी पन नाय बसत, कर तुझं तू. त्यानं हात जोडले.

"आणि तो विषय काढू नको," असं मला.

"कुठला विषय?" म्हटलं मी, आणि फोन ठेवला. वाईट वागले.

३ मे, शुक्रवार

लागलं. माझ्या आईबापाचं लग्न लागलं!

सवासणींनी भिंतीवर चौक लिहिला. तांदळाच्या पिठाची देवी, चारी बाजूंनी नक्षी, कोपऱ्यात घोडा. बा नव्या धोतरात अवघडून बसलेला, पोटात दुखत असल्यासारखं तोंड. आय मात्र – काय सांगू! हिरवी चोळी अंगात अशी बसली होती की शेजारणी हात लावून बघत होत्या. लाजत होती ती. एवढी मोठी पोरं झाल्यावर! मी चेष्टा करणार होते, जमलं नाही.

तुषारच्या मित्रांनी डीजे आणलेला. भिंती हादरत होत्या. रुपी चौकासमोर बसली, हातावर हात ठेवून गाऊ लागली. गाणं लांबलचक, ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही नाही. डीजे बंद करा म्हणून मी दोनदा ओरडले, आयनं मागं न बघता माझा पदर ओढला – गप ऱ्हा. मालू ताट घेऊन माझ्याजवळ उभी. आयनं त्यातलीच हळद घेऊन बाला लावली, मग आमच्याही गालांना फासली, दोघींच्या. रुपीनं तांदूळ टाकले ते निम्मे आमच्या डोक्यावर. म्हातारीचा नेम काही धड नाही!

मला रडू आवरेना. लोकांना वाटलं आनंदानं. हेवा होता तो, सरळ लिहिते. आईच्या लग्नात आईचा हेवा करणारी मी एकटीच असेन.

४ मे

मोखाड्याच्या हॉलमध्ये तुषार-रविनाचं झालं. महाराज प्रेमळ वाटले, मुलांना गोष्टी सांगत होते. लग्न म्हणजे काय ह्यावर बराच वेळ बोलले. मालू आणि मी मागच्या खुर्च्यांवर. तुषार पाया पडायला आला, आधी माझ्या, मग घुटमळला आणि मालूच्याही. त्याच्या महाराजांसमोर! मी त्याचे केस विस्कटले.

१२ मे

आज मोखाड्याहून रुपी चढली गाडीत. मी अर्धं तिकीट काढलं. "लग्न लावणारीकडनं पैसे घेतंस?" म्हणाली. मी म्हटलं, आयबाचं लावलंस, माझं कुठं लावलंस?

तिनं माझ्याकडं असं बघितलं की बस.

"चार नावं घेतली मी. जिजा, पंढरी. शीला, मालू. होळीलाच सांगून ठेवलंन् तुझ्या आयनं, 'माझी झोप खरी का खोटी, तू तुझ्या झोपंत बघ.' बघितलं. दिसलं ते घेतलं गाण्यात."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या पोटात ऱ्हातं काय! डीजेपेक्षा मोठ्यानं ओरडली असतंस."

बेल द्यायची राहिली. ड्रायव्हर खेकसला.

खोलीवर आले. मालू भाकरी थापत होती. म्हटलं, तवा उतरव, हात धू, इथं बस माझ्यासमोर. आपलं लग्न होऊन गेलंय.