सागपानांचा लाल रंग

२५ जून १९८९, रवि.
जमलं एकदाचं! सागाची कोवळी पानं कापडाच्या घडीत घालून वरून हातोडीने ठोकली, मग जर्मनच्या पातेल्यात उकळलं. शीर न् शीर लाल उठली. साबणाने खसाखसा धुतलं, तरी रंग हलला नाही. गेल्या वर्षी पहिल्याच धुण्यात सगळं मोरीत वाहून गेलेलं. या खेपेला कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवलं, मग तुरटीच्या. सगळी मेख तिथेच आहे. कुणाला सांगायचं नाही. ह्यांनासुद्धा नाही. हे ऑफिसात चहाबरोबर घरातलं सगळं वाटून येतात.
महिला मंडळाचं प्रदर्शन १५ ऑगस्टला. कापडकामाला टेबल एकच. ते मला हवंय. सिल्वासात आल्यापासून मी फक्त ‘क्लार्कसाहेबांची मिसेस’. एकदा तरी माझ्या नावाची पाटी कुठेतरी लागू दे.

२९ जून, गुरु.
शेजारची हंसाबेन दोरीखाली उभी राहून माझा तुकडा बघत होती. हात लावला, उलटा करून पाहिला. “सुमनबेन, बहु सरस! अंदर काय नाखते तू?”
“काही नाही हो. पानंच.”
“फक्त पानं?”
“फक्त पानं.”
गेली. पण उलटा का केला? नुसतं आवडलं तर माणूस सुलट बघतं. उलटं बघतो तो कारागीर, नाहीतर चोर.
ह. तशी वाईट नाही. मला कावीळ झाली तेव्हा पथ्याचं सगळं तिनेच रांधून दिलं, आईने केलं नसतं इतकं. पण पथ्य वेगळं, हे वेगळं.

३ जुलै, सोम.
क्वार्टर्समागच्या सागाचे खालचे शेंडे खुडलेले! मी फक्त उजवीकडची फांदी घेते. डावीकडची कुणी घेतली? ह्यांना विचारलं तर म्हणे बकरी असेल. बकरी काय स्टूल घेऊन येते?

७ जुलै, शुक्र.
दुपारी भिंतीपलीकडून ठक ठक. थांबलं. पुन्हा ठक ठक. मधली भिंत ती केवढी, पलीकडची शिंकसुद्धा ऐकू येते.
संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आज काय कुटत होतात?”
“गूळ फोडत होते.”
एवढा गूळ? तिच्याकडे डायबेटीसचा नवरा आहे!

१२ जुलै, बुध.
पकडलं. ह.कडे विरजण मागायला गेले. दार नुसतं लोटलेलं. पलंगावर उशीचा अभ्रा, आणि त्यावर सागाचं पान. लाल. माझंच पान! तीच ठेवण, देठ खाली, टोक कोपऱ्याकडे. 
ती आतून आली, अभ्रा चटकन उचलला. मग हसली. “अरे, हे तर पोरंबी करते. पानं चोळून हाताला मेंदी लावते ना ती. मी कापडावर लावून बघितलं.”
पोरं चोळतात, ठोकत नाहीत. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं जगाला दिसत नाही. विरजण न घेताच आले.
रात्री ह्यांना सांगितलं. म्हणाले, “संशयाला पगार असता तर तू आज कलेक्टर असतीस.” या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

१४ जुलै, शुक्र.
मंडळाची मीटिंग. अध्यक्षबाई म्हणाल्या, टेबलासाठी नमुने महिनाअखेर द्या. ह. कधी मीटिंगला येत नाही. आज आली! मागे बसून नमुन्यांची तारीख मुलीच्या वहीवर लिहून घेतली. आता काय राहिलं समजायचं?

१६ जुलै, रवि.
आज ती स्वतःच आली. ओटीवर बसली, पदराने वारा घेतला, इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच, “सुमनबेन, माझा रंग धुण्यात जाते. तुझा राहते. काय करते तू, सांग ना.”
म्हणजे तेवढंच राहिलंय. नक्षी नेली, पानं नेली, आता मेख पण हवी. अंगाची नुसती लाही झाली. पण आवाज अगदी गोड काढला मी. म्हटलं, “लोखंडाच्या कढईत उकळायचं. लोखंड रंग धरून ठेवतं.”
“अस्सं!” केवढी खूश झाली. जाताना माझ्या हनुवटीला हात लावून गेली.
सागाला लोखंड लागलं की कापड कोळसा होतं. मी एकदा गंजक्या डब्यात तुकडा ठेवलेला, तेव्हाच कळलं. करू दे एक फडकं काळं. चोरीची हौस फिटेल.

१९ जुलै, बुध.
पलीकडे शांत. ठक ठक नाही. कढईचा आवाज नाही. करणार नाही बहुतेक, हुशार आहे. किंवा दुसऱ्या कुणाला विचारलं असेल आणि मी खोटं बोलले ते कळलं असेल. आज भाजीवाल्यापाशी भेटली, हसली. नेहमीपेक्षा कमी हसली का?

२१ जुलै, शुक्र.
नमुने दिले. तीन रुमाल, एक टेबलक्लॉथ. अध्यक्षबाई म्हणाल्या, “छानच! दुसरं कुणाचंच कापडकाम आलेलं नाही, टेबल तुमचंच.”
ह.चं काहीच आलं नाही? शेवटच्या दिवशी देणार असेल.

२४ जुलै, सोम.
सकाळी तिच्या दोरीवर काळं काहीतरी. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू. मग वारा आला, कापड उलगडलं. फडकं नव्हतं. रेशीम. कडेला लग्नातली लाल किनार.
आत आले. कणिक भिजवायला घेतली, पाणी जास्त झालं.
दुपारी तिची मुलगी भावना आली, काडेपेटी मागायला. डोळे सुजलेले. विचारलं तेव्हा सांगितलं. पुढच्या महिन्यात तिचा साखरपुडा. ह.च्या आईचं पानेतर होतं, लग्नात नेसतात ते पांढरं. त्याच्या अर्ध्याची ओढणी करायची होती, सागपानं उठवून. आजी गेल्यापासून आईने ते जपून ठेवलेलं. “तुम्हाला सरप्राइझ द्यायचं होतं, मासी. पहिली ओढणी तुम्हाला दाखवायची म्हणे, तुमच्यावरून शिकली ना. आणि मंडळात तारीख लिहून घेतली, तुमचं टेबल बघायला यायचं म्हणून.”
मासी म्हणते मला पोर.
आधी फडक्यावर करून बघायचं ना! कुणी एकदम पानेतर उकळतं का? असा राग आला तिचा. का नाही केलं फडक्यावर? मी सांगितलं म्हणून. मी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार म्हणून.

२६ जुलै, बुध.
तीनदा तिच्या दाराशी जाऊन परत आले. काय सांगू? लाज वाटते, आणि लाजेच्या वर भीती. भावना म्हणाली ते खरं कशावरून? आईने पढवून पाठवलं असेल तर? असलं मनात येतं आणि मग माझीच मला शिसारी येते.
ह. दोरीवरचं काळं काढत नाही. तसंच ठेवलंय, पावसात भिजतंय. विसरली, की मला दिसावं म्हणून?
जेवताना हे म्हणाले, “आमटीत मीठ नाही.” म्हटलं, “नाही.”

३० जुलै, रवि.
ह. आली. हातात मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं पुडकं. ओटीवर बसली, पण वारा घेतला नाही. पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. पानेतराचा उरलेला अर्धा.
“माझ्या हाताला गुण नाही, सुमनबेन. हे तू कर. तुझ्या हाताने लाल होईल.”
मी म्हटलं, “हंसाबेन, मी...”
ती म्हणाली, “कढई तुझ्याकडे छोटी आहे ना? माझी आणून देईल.”
मी तिच्या तोंडाकडे बघितलं. काहीच दिसेना. साधीसुधी शेजारीण, केसांना तेल, कपाळावर चांदला. मला सुनावते आहे की खरंच कढई देऊ करते आहे? इतकी वर्षं हे तोंड रोज बघतेय, आणि आज वाचता येईना.
लाल उठवला तर विचारेल, लोखंडात लाल कसा झाला. लोखंडात उकळला तर पोरीची ओढणी गेली, आणि तिच्या आईचं उरलंसुरलंही गेलं.
रेशीम किती मऊ आहे. कापराचा वास येतो.
“मी शेजारी बसेन,” ती म्हणाली, “तू कशी करते ते बघेन. पहिल्यापासून. बसू ना?”
मी म्हटलं, बसा. उद्या सकाळी येते म्हणाली.