बिल्लेवाला पक्षी

बाबा, काल तुमचा तो पक्षी पाहिला. तोच नव्हे, तो मेला, मला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या जातीतला दुसरा. धार रोडकडच्या तळावावरच. आता तिथे तारेचं कुंपण आहे, फाटक आहे, मचाण बांधलंय. ज्या काठावर मी तुमचे सदरे आपटायचे तिथे माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून उभी असतात आणि कुणी खोकलं तरी डोळे वटारतात. नात घेऊन गेली होती. आठवडाभर विजय नगरच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते आणि सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत उठून पक्षी बघायला पळते. मी म्हटलं, खिडकीत कबुतरं हगतात ती बघ की. ऐकते कुठे!

समोरच्या वाळक्या झाडावर तो बसला होता आणि इकडे भांडण जुंपलं होतं. एक टोपीवाले रिटायर्ड साहेब म्हणाले, "घार है भिया, सीधी बात." पुण्याहून नोकरीला आलेला एक प्रोफेसर म्हणे, घार नाही, सर्पगरुड, पोट पांढरं आहे बघा. टोपीवाले म्हणाले, "अहो, तुमच्या पुण्यात होत असेल तसा गरुड, इथे घारच असते." तेवढ्यात तो उडाला, पाण्यावर एका जागी पंख मारत थांबला आणि दोन्ही पाय पुढे काढून धाडकन खाली आला. पाणी फुटलं. वर आला तेव्हा पंजात हातभर मासा तडफडत होता, आणि उडता उडता त्याने तो पायातल्या पायात फिरवून सरळ केला. मग माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "घार नाही आणि गरुडही नाही. मासा बघा, तोंड पुढे करून नेतोय. घार कसाही लोंबकळत नेते. हा मासेमार, थंडीत येतो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रोफेसराने पुस्तक उघडलं, पानं फिरवली, म्हणाला, "ऑस्प्रे! आजी, बरोबर आहे. तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "माझ्या बापाने एक मारला होता."

टोपीवाल्यांनी टोपी काढली आणि परत घातली. नातीने मान खाली घातली. तिला ही गोष्ट पाठ आहे. घरात सगळ्यांना पाठ आहे. मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं हीच सांगत आलेय.

मिल बंद झाली तेव्हा मी पोरीला घेऊन माहेरी येऊन पडले होते. नवऱ्याने चटके देऊन हाकललं होतं, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. तुम्ही फाटकावरचं कुलूप बघून आलात. सदऱ्याच्या आत लपवून लूमवरचा धोटा आणला होतात, लोखंडी टोकांचा, आणि गळ्यात पितळेचा बिल्ला तसाच, तुमच्या नंबरचा. आईने एवढंच विचारलं, "आता काय करायचं हो?" धोटा तिच्या कपाळावर बसला. हाड दिसलं बाबा. रक्त परातीतल्या कणकेत पडलं. मी तिचं डोकं दाबून धरून ओरडतेय, काहीतरी द्या बांधायला, आणि तुम्ही खांद्यावर गमछा घेऊन बसलेले. गमछा दिला नाहीत. मी पोरीचं झबलं फाडलं. नंतर कणकेतला लाल भाग काढून टाकला आणि उरलेल्याच्या पोळ्या केल्या, त्या तुम्ही जेवलात.

मग तळावावर मच्छीच्या ठेकेदाराने तुम्हाला पक्षी हाकायला ठेवलं. जन्मभर सूत बघितलेला माणूस, हातात गोफण. लहानपणी गावाला ज्वारी राखायचात म्हणे. तुमचा नेम मात्र असा की बगळा हवेतच दुमडून पडायचा. पाणकावळे, बगळे, मान मोडलेले, पोट फुटलेले, तुम्ही काठावर ओळीने ठेवायचात, ठेकेदाराला दाखवायला. दुपारी भाकरी घेऊन आले की मला त्यांच्यावरून पाय टाकून जावं लागे. तुमच्या तोंडावर काही नसायचं. मिलमध्ये तुटलेला धागा जोडावा तसं काम.

त्या दिवशी मी खाली दगडावर कपडे धुतेय. वरून हा येतो, मासा उचलतो, आणि गोफणीचा आवाज होतो. दगड पंखावर लागतो. तो पडतो माझ्यापासून चार हातांवर, मासा अजून पंजात, एक पंख उलटा. मरत नाही. पिवळे डोळे फाडून बघतो, चोच उघडून किंचाळतो, उरलेल्या पंखाने चिखल उडवतो. तुम्ही वरून उतरत येताय. माझ्या हातात धोपाटणं आहे. मी घालते. पहिला घाव पाठीवर, तरी तो ओरडतोच, दुसरा डोक्यावर, तिसऱ्याची गरज नव्हती, तरी घालते. चौथाही. पिसं माझ्या तोंडात गेली.

तुम्ही गुडघ्यावर बसलात, त्याचा पाय उचललात. पायात कडं होतं, त्यावर नंबर. तुमच्या तोंडाचा रंगच उडाला. "अगं, याला बिल्ला आहे. हा कुठल्या तरी मिलचा माणूस आहे." पक्षी हो, बाबा! डोक्यात पार भुसा भरला होता तुमच्या. पण तुम्ही हसत नव्हतात. माझ्या हातातलं धोपाटणं ओढलंत आणि माझ्याच हातावर घातलंत, "बिल्लेवाल्याला मारते? बिल्लेवाल्याला?" करंगळी मोडली. ती अजून वाकडी आहे. आता लिहिताना कागदाला घासते. मग तुम्ही त्याचं कडं कापून काढलंत, स्वतःचा पितळी बिल्ला सुतळीने त्याच्या पायाला बांधलात आणि त्याला पुरलंत. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या तोंडावर गोफण फेकलीत. त्याच्या माणसांनी तुमच्या बरगड्या मोडल्या. त्यातून तुम्ही उठला नाहीत. आईने बांगड्या फोडू दिल्या आणि संध्याकाळी पोटभर जेवली. मी पाहिलं.

काल प्रोफेसराने कॅमेऱ्यात फोटो मोठा करून दाखवला. या पक्ष्याच्याही पायात कडं. म्हणाला, दूरदेशी पिल्लू घरट्यात असतानाच घालतात. नंबर कळवला की कळतं कुठला होता, कुठे संपला. "पुष्कळ कडी परत येतच नाहीत, आजी. कुणाच्या तरी घरात पडून असतात." नात माझ्याकडे बघत होती. तिला माहीत आहे, माझ्या सुयांच्या डब्यात काय आहे ते.

तिने फॉर्म आणलाय. नंबर लिहिला, जागा लिहिली. पक्षी कसा मेला, तिथे तिने लिहिलं: पणजोबांनी गोफणीने मारला. सही माझी पाहिजे. पेन हातात घेतलं आणि होईना. तिसरीपर्यंत शिकले, पण खोटं वाचता येतं. मी ते खोडलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं: पंख वडिलांनी मोडला, जीव मी घेतला. नात म्हणाली, "आजी, हे काय? तू तर म्हणायचीस..." म्हटलं, म्हणायचे. आता कडं पाकिटात घाल.

हे तुमचं पत्र मात्र कुठे पाठवायचं नाही, सुयांच्या डब्यात जागा झालीच आहे. फॉर्ममध्ये लिहिलं नाही ते एवढंच. तुम्ही उताराने येत होतात तेव्हा सदऱ्याची बटणं काढत होतात. त्या पक्ष्यावर टाकून त्याला धरायला, बांधायला, जिवंत न्यायला. आईला गमछा दिला नव्हतात तुम्ही. सदरा अंगातून निघाला होता, बाबा, आणि मी तो पाहिला होता. पहिला घाव घालायच्या आधी.