ब्रशाचं टोक

३ जून
आलो एकदाचा. खोलीला उत्तरेची खिडकी आहे, चित्रकाराला आणखी काय हवं! सोंडकिड्यांच्या कोषांची चित्रं काढायची आणि वर्णन लिहायचं, एवढंच काम. कोष म्हणजे अळीचा किडा होण्याआधीची अवस्था. इथल्या कीटकशास्त्र विभागाच्या मॅडम म्हणाल्या, हे किडे झाडांच्या देठात वाढतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. मी म्हटलं, मग आमचं छान जमेल.

ही आणि चिमणी महिनाअखेरीस येतील. लेकीनं रंगपेटी आत्ताच भरून ठेवलीय म्हणे. माझ्यासारखीच ब्रश ओठांत धरून टोक काढते, त्यावरून आम्ही दोघंही हिची बोलणी खातो.

८ जून
कोष दुधी, गव्हाच्या दाण्याएवढा. डोकं छातीवर वाकलेलं, सोंड पायांच्या मधून खाली आलेली. पाय पोटाशी दुमडलेले, गुडघ्यांवर एकेक केस. पंखांच्या पिशव्या कुशीला चिकटलेल्या, शेपटाशी दोन काटे. सगळे अवयव दिसतात, पण हलतं ते फक्त पोट. मेल्यावर रंग उडतो, म्हणून जिवंतपणीच रंगवायचा. चिमट्यानं तो फुटतो, म्हणून ओल्या ब्रशानं उचलायचा. ब्रश आधीच्या चित्रकाराचाच आहे, झकास टोक येतं त्याला.

१६ जून
जीभ जड झालीय. डॉक्टरांनी गुळण्या करायला सांगितलं. आधीचा चित्रकार का गेला, असं मॅडमना सहज विचारलं. त्याची वाचा गेली होती म्हणाल्या. मग विषय बदलला.

२२ जून
ब्रश भिंगाखाली धरला. केसांच्या मुळाशी अंडी. आणि मी रोज हा तोंडात — मॅडम दौऱ्यावर आहेत. आल्या की दाखवायला ब्रश डबीत ठेवलाय. फार भीती वाटते.

२५ जून
बोलता येत नाही. आरशात पाहिलं. जिभेखाली दुधी काहीतरी, वाकलेलं डोकं, सोंड — वर्णन मला पाठ आहे.
येऊ नका म्हणून हिला मेसेज केला. कारणही लिहिलं. हिनं कळवलं, तुमच्या थापा पुरे, तिकिटं काढलीत.

२८ जून
गुडघे पोटाशी आलेत. सरळ होत नाहीत. मान छातीवर. उजवा हात तेवढा —

३० जून
आल्या. ही रडत डॉक्टरांना फोन करतेय, पाठमोरी. चिमणी टेबलाशी. बाबांना बरं वाटावं म्हणून चित्र काढणार म्हणते. डबी उघडली तिनं — माझा ब्रश — पाण्यात बुडवला — तिला दाखवायला वही उचलवत नाही मला — चिमणे, तोंडात नको, इकडे बघ, चिमणे, इकडे ब