आपण आणि आम्ही

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी शाबासकी! मोबाईलवरच्या एका खेळातली मराठी वाक्यं तपासायची, एवढंच काम. खेळ साधा आहे. काही तळ आपले, काही शत्रूचे, आणि सैनिक पाठवून एकमेकांचे तळ बळकावायचे. तळ पडला की त्यातले सैनिक मरत नाहीत, पक्ष बदलतात. हरणाऱ्याच्या पडद्यावर शत्रूचा निरोप येतो, ‘आपण जिंकलो’. मी साहेबांना म्हटलं, अहो, हरलेल्याला कसलं आलंय ‘आपण’? त्याला बाहेर ठेवा, ‘आम्ही जिंकलो’ करा. साहेब खूश. इतकी माणसं इथे बसतात, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं म्हणे. आम्हाला तुमच्यासारखंच कोणीतरी हवं होतं, असं म्हणाले.

४ मार्च
खेळल्याशिवाय भाषा कळायची नाही, म्हणून साहेबांनी खेळ माझ्या फोनवर घालून दिला. आपल्या बाजूच्या चार निळ्या तळांना नावं द्यायची होती. मी आगाऊपणा करून घरचीच दिली: सासूबाई, नवरा, भिंगरी, मी. सासूबाईंना मुद्दाम सगळ्यात पुढे ठेवलं, कारण त्यांना विचारल्याशिवाय आमच्या घरात माशीसुद्धा शिरत नाही. हे सांगितलं तर त्या स्वतःच हसल्या. लेक मात्र रुसली. सहा वर्षांची आहे, एका जागी टिकत नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी. तिचा तळ मागे का, आपण सगळे एकदम लढू, असं तिचं म्हणणं.

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत शत्रूच्या राखाडी सैनिकांनी सासूबाईंचा तळ घेतला. पडद्यावर ‘आम्ही जिंकलो’. माझंच वाक्य, तरी जरा लागलं.
संध्याकाळी घरी आले तर सासूबाई गप्प. एरवी माझ्या चपलांच्या आवाजावरून उशीर मोजतात. आपण जेवायला बसू या का, विचारलं. म्हणाल्या, आम्ही जेवलो. घरात दुसरं कोणीच जेवलेलं नव्हतं. नवरा म्हणाला, आई आता राणीसाहेब झाली. आम्ही दोघं खूप हसलो. त्या हसल्या नाहीत.

१० मार्च
तीन दिवस हेच चाललंय. आम्हाला नको. आम्ही झोपतो. भाजी करपली तरी चकार शब्द नाही. त्यांच्या टोमण्यांची कधी आठवण येईल असं वाटलं नव्हतं, पण येते.
खेळ उघडला तर त्यांच्या तळावरून राखाडी ठिपके नवऱ्याकडे निघालेले. तळाचं नाव बदलायला गेले तर बदलत नाही. खेळ पुसून टाकला तर थोड्या वेळाने परत तिथेच. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, एकदा दिलेलं नाव बदलत नाही, आम्हीही घरचीच दिली होती.
जागेवर येऊन बसले आणि मग लक्षात आलं. आठवडा झाला, या ऑफिसात कोणी ‘मी’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

१२ मार्च
दुपारी सव्वादोनला नवऱ्याचा तळ गेला. लगेच फोन केला. आम्ही मीटिंगमध्ये आहोत, म्हणाला. मीटिंगमध्ये माणसं असंच म्हणतात, अशी मनाची समजूत घातली.
घरी आले तर नवरा आणि सासूबाई सोफ्यावर शेजारी शेजारी. टीव्ही बंद. दोघंही भिंगरीच्या खोलीच्या दाराकडे बघत होते. आम्ही वाट बघतोय, तो म्हणाला. कोणाची, ते विचारायचा धीर झाला नाही.

१३ मार्च, सकाळ
भिंगरीला घेऊन निघाले. दाराशी दोघं. रागावले नाहीत, ढकललं नाही. नुसते उभे. हलेनात.
शेजारणीला फोन केला. काय सांगणार? नवरा आणि सासू ‘आम्ही’ म्हणतात — एवढंच सांगता आलं. ती हसायला लागली.
भिंगरीला खोलीत ठेवलं. स्टुलावर चढून तिने आतून कडी लावली. बजावलंय, आईशिवाय कोणाला उघडायचं नाही. मी बाहेर, दाराला पाठ लावून. माझे होते नव्हते तेवढे सैनिक तिच्या तळावर पाठवले. आता तिला कोणी हात लावू शकत नाही.

दुपार
ठिपके तिच्याकडे जात नाहीयेत. माझ्याकडे वळले — माझ्या तळावर शून्य.
सैनिक परत बोलावले तर ती उघडी पडते. नाही बोलावले तर —
आतून विचारतेय, आई, आपण कधी जेवायचं? लवकरच, म्हटलं. रडू येतंय, काय करू —
दोघं सोफ्यावरून उठले.

मी लिहितेय. मी. मी भिंगरीची आई. मी — तिच्या तळावरचे सगळे माझे आहेत, मी गेले की तेही — भिंगरी, दार उघडू नकोस, मी म्हटलं तरी — हे तिला ओरडून सांगायला हवं, आवाज — मी मी आ

संध्याकाळ
आता बरं वाटतंय. उगाच घाबरलो.
भिंगरीचं दार वाजवलं. कोण आहे, तिने आतून विचारलं. आई, असं सांगितलं. ते काही खोटं नाही.
स्टूल ओढल्याचा आवाज येतोय. कडीपर्यंत हात पुरत नाही ना तिचा. किती गुणी पोर. आम्ही —