पहिल्या पोत्यातले ओट्स

रविवार, चौदा तारीख, सकाळ

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. दाजींची पाठ आता कशी आहे? भाचीचा पुढचा दात आला का? मी मजेत आहे. खरंच मजेत, तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. गिरणीतलं काम टिकलंय. कॉलेजसारखं हेही अर्ध्यात सोडशील, असं तू लिहिलंस. नाही सोडलं. मध्ये एकदा सोडणार होतो, ते सांगतोच.

आधी किरकोळ बातमी. मी गहू सोडला. ब्रेड, बिस्किटं, सगळं बंद. तब्येत ठणठणीत आहे. कारण पुढे कुठेतरी येईल.

वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीबद्दल मागे ओझरतं लिहिलं होतं. तिला सिलिॲक आहे. म्हणजे गहू किंवा बार्ली किंचितशी जरी पोटात गेली, तरी त्यातल्या ग्लूटेनमुळे तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. मग कित्येक दिवस शिवणाच्या मशीनवर बसता येत नाही. हे कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. आमची गिरणी ओट्सचीही, आणि ओट्समध्ये गव्हातलं ते ग्लूटेन नसतं. म्हटलं, आपलं नशीब उघडलं.

आमच्याकडे गहू दळून झाला की त्याच यंत्रावर ओट्स लागतात, आणि त्यांचं पहिलं पोतं कामगारांत वाटून टाकतात. मालक दिलदार आहे, असं मी समजायचो. माझा वाटा अजून कोमट होता. कोऱ्या पिशवीत भरला, वर रिबीन बांधली आणि जिना चढलो.

तिने पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "याच्या आधी यंत्रावर काय होतं?"

गहू, म्हटलं.

तिने पिशवी दाराबाहेर ठेवली आणि साबण लावून हात धुतले. माझं डोकं सटकलं. मी एवढ्या हौसेने आणलं आणि ही हात धुतेय. विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का?

"तुझ्यावर आहे. तुझ्या यंत्रावर नाही."

तणतणत खाली आलो. तिला खोटं पाडायचं म्हणून पिशवी कागदावर उलटी केली. गव्हाचे तुकडे निघाले, आणि तळाला पांढरी पिठी. तसाच गिरणीत परतून मुकादमाच्या अंगावर गेलो, नाही नाही ते बोललो. तो शांतपणे विडी शिलगावत म्हणाला, "पहिलं पोतं म्हणजे यंत्राची आंघोळ रे. म्हणून तर विकत नाही, वाटतो."

म्हणजे मी तिच्यासाठी आंघोळीचं पाणी नेलं होतं. वर तो म्हणाला, पुढची पोतीही तसलीच. गव्हाची आणि ओट्सची शेतं शेजारी, ट्रक एक, गोदाम एक. तिला चालणारे ओट्स वेगळे पिकवून तपासलेले असतात, आणि काहींना तेही सोसत नाहीत. काम सोडायचं म्हणून ॲप्रन काढून फेकलाच होता. पण चिडायचं कुणावर? उचलून परत बांधला. आता पहिलं पोतं निघालं की मुकादम सगळ्यांसमोर ओरडतो, "शिंपिणीसाठी नाही रे!" मीही हसतो.

दुसऱ्या दिवशी वर गेलो तर तिने उंबऱ्यातच थांबवलं. शर्टावर पिठी होती. तेव्हापासून घरी येऊन आंघोळ, धुतलेले कपडे, मगच जिना. नवी कढई आणली, नवा चमचा आणला आणि एकदा भात आणि अंड्याचा रस्सा करून तिला बोलावलं. तिने सगळं विचारलं, अगदी मिठात कुणाचा हात गेला होता तेसुद्धा. सगळं सांगितलं, चिडलो नाही. मग ती जेवली. पुन्हा भात मागून घेतला. ताई, एक माणूस समोर जेवतंय हे नुसतं बघण्यात इतकं काय असतं, मला माहीत नव्हतं.

तर गव्हाचं कारण. समोरच्याच्या ओठाला लागलेला गहूसुद्धा तिला बाधतो. यापुढचं विचारू नकोस, तू मोठी बहीण आहेस.

पुढच्या महिन्यात आम्ही येतोय. ती स्वतःची कढई आणेल, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या स्वयंपाकघरात ती खूप प्रश्न विचारेल. चमचा कुठला, पीठ कुठे ठेवतेस, फडका कशाला लावलास. मीही आधी चिडलो होतो. नंतर तिनेच सांगितलं, जिथे जेवायचं नसतं तिथे ती काही विचारत नाही, भूक नाही म्हणते आणि निघते.

दाजींना आमचा नमस्कार. "आमचा" असं लिहिलंय, चुकून नव्हे.

साबणाने हात धुऊन पत्र लिहिणारा,
तुझा धाकटा