चहाचं फंक्शन शिकली माझी जाऊ

भाईंदर, गुरुवार, १४ ऑक्टोबर २००४

पोरगी माझ्या पोटची, आणि शिकवते कोणाला? सुनीताला! माझ्या धाकट्या जावेला. का, तर तिच्या घरी कॉम्प्युटर आहे. केबिन रोडचा कॉम्प्युटर क्लास सुटला की सोनाली आमच्या दारावरून सरळ वर तिच्याकडे.

आज शिऱ्याची वाटी घेऊन मीच वर गेले. दोघी एकाच स्टुलावर, खेटून. सोनाली सांगत होती, "काकी, फंक्शन म्हणजे चहा करायला सांगणं. कंसात आधी कप, स्वल्पविराम, मग साखर. क्रम चुकवायचा नाही." सुनीताला हवे होते दोन कप, पाच चमचे साखर, पण तिने साखरच आधी लिहिली. स्क्रीनवर आलं, पाच कप चहा, साखर दोन चमचे.

"अगं, दादा कप फेकून मारतील!" म्हणाली सुनीता. दादा म्हणजे आमचे हे. दोघी खिदळल्या.

मी म्हटलं, मलाही दाखव. तर कार्टी म्हणते, "आई, तुला नाही कळणार. शिरा ठेव तिथे."

का नाही कळणार? चौथीच शिकले म्हणून? हिला चहा करायला कोणी शिकवलं? आणि ती सुनीता गालात हसत होती. एका स्टुलावर! सोनाली माझ्याजवळ अशी खेटून शेवटची कधी बसली, आठवत पण नाही. कॉम्प्युटर गेला खड्ड्यात. पण ती मला काहीतरी समजावून सांगतेय, हे मलाही पाहिजे ना?

जेवताना विचारलंच, मला शिकवणार की नाही?

"बघू."

बघू-बिघू चालणार नाही, म्हटलं. रविवारी दुपारच्या आत मला सांगायचं, हो की नाही.